लिंबोणीचं आणि भिंतीचं दुखणं एकच

काका, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे वरुडचे, आता फिनिक्सजवळ गिल्बर्टला असतो. गेल्या वर्षी इथे वीसेक वर्षांचं जुनं घर घेतलं. मागच्या अंगणात पश्चिम भिंतीपासून पंधरा फुटांवर लिंबोणीचं मोठं झाड आहे. या उन्हाळ्यात त्याची नवी पालवी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जुन्या पानांचे शेंडे करपलेत. ठिबक रोज दहा मिनिटं चालायचं, जूनपासून दिवसातून दोनदा केलं, तरी फरक नाही. बाबा फोनवर म्हणतात, हिराकस (फेरस सल्फेट) टाक. दुसरी अडचण त्याच भिंतीची. भिंतीला लागून लँटानाची ओळ आहे, तिच्या मागे हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत आणि पांढरी भुकटी येते. एक जण येऊन बघून गेला. खरवडून वॉटरप्रूफ रंग देतो आणि झाडाला खत घालतो, सगळे मिळून चार हजार डॉलर, असं म्हणाला. यांना त्या भिंतीशी आंबा लावायचा आहे आणि मला कढीपत्ता. आधी काय करू? सोबत फोटो पाठवते आहे.

– एक वाचक, गिल्बर्ट, अॅरिझोना

ताई,

त्या माणसाला सांगा, रंगाचं काम सध्या थांबवा. खतही नको.

पत्रात तुम्ही झाड आणि भिंत अशी दोन कामं लिहिलीत. फोटो बघून मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. लिंबोणी आणि लँटाना एकाच व्हॉल्व्हवर आहेत आणि तो व्हॉल्व्ह रोज थोडं थोडं पाणी सोडतो. झाडाला ते पुरत नाही आणि भिंतीला ते नको आहे. पाण्याची रीत बदलली नाही, तर खत वाया जाईल आणि रंगही पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुटेल.

आधी लिंबोणीचा हिशोब करू. फोटोत खोडाला चिकटून दोन ड्रिपर दिसतात. घर बांधलं तेव्हा रोप कमरेएवढं असताना बसवलेले असणार, नंतर कोणी हलवलेच नाहीत. प्रत्येकातून ताशी दोन गॅलन येतं असं धरलं, तर दहा मिनिटांत दोन्ही मिळून पाऊण गॅलनही पडत नाही. तुम्ही दोन वेळा केलंत तरी दिवसाला दीड गॅलनच्या आतच. एवढं पाणी वरच्या चार-सहा इंचांतच राहतं आणि तिथूनच उडून जातं. उडतं ते पाणी, क्षार मातीतच राहतात. इथे आपल्या नळाला सॉल्ट, व्हर्दे आणि कोलोराडो नद्यांचं पाणी येतं आणि ते चांगलंच जड आहे. विदर्भात चाळीस इंचांवर पाऊस पडतो, तो जमिनीतले क्षार धुऊन खाली नेतो. फिनिक्सला वर्षाला सात-आठ इंच पाऊस. इथे धुण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं, तेही एका वेळी भरपूर पाणी देऊन. तुमच्या जुन्या पानांचे करपलेले शेंडे म्हणजे साठलेले क्षार.

म्हणून मोठ्या झाडाला पाणी क्वचित द्या, पण खोल द्या. लिंबूवर्गीय झाडासाठी जमीन दोन ते तीन फूट खोल भिजायला हवी. उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांनी एकदा, आत्ता ऑक्टोबरात आणि पुढे वसंतात सात ते बारा दिवसांनी, थंडीत दोन ते चार आठवड्यांनी. रोज कधीच नाही. आणि पाणी खोडाशी नको. बाबांना विचारा, संत्र्याच्या बागेत दुहेरी आळं कशासाठी करतात. आतल्या आळ्यात खोड कोरडं राहावं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात फिरावं म्हणून. खोडाशी सतत ओल राहिली की डिंक्या लागतो. ती बुरशी अॅरिझोनातही आहे आणि तिच्यावरचा उपायही तोच. झाडाच्या फांद्यांचा घेर जिथे संपतो, त्या कडेच्या थोडं आत-बाहेर सहा ते आठ ड्रिपर गोलाकार बसवा. पाणी शोषणारी बारीक मुळं त्या पट्ट्यात असतात.

किती वेळ चालवायचं, हे मी इथून आकड्यात सांगणार नाही. ते तुमच्या मातीवर ठरतं, आणि ते बघायची सोपी रीत आहे. हार्डवेअरच्या दुकानातून तीन फुटांची, पाव ते तीन-अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळई आणा. दोन तास पाणी चालवा, दुसऱ्या दिवशी सळई हाताने दाबा. ओल्या मातीत ती सरकत जाते आणि कोरडी माती लागली की अडते. फूटभर गेली तर वेळ वाढवा, दोन-अडीच फूट गेली तर तोच वेळ कायम ठेवा. पाणी मुरण्याआधी वाहायला लागलं तर मध्ये तासभर थांबून दोन हप्त्यांत द्या. पुढचं पाणी कधी, याचा अंदाज वाफशावरून घ्या. वरचे तीन-चार इंच खणून मूठभर माती दाबून बघायची सवय तुम्हाला गावाकडची असेलच, ती इथेही चालते.

मात्र सळई तीन-चार ठिकाणी एकाच खोलीवर खडक लागल्यासारखी ठक्क करून अडली, तर ती कोरडी माती नव्हे. तो चुनखडीचा थर, इथे त्याला कॅलिची म्हणतात. मुरमासारखा दिसतो, पण सिमेंटसारखा घट्ट असतो आणि पाणी त्याच्यावर साचून राहतं. तसं असेल तर ड्रिपरच्या पट्ट्यात पहारेने दोन-तीन ठिकाणी तो थर आरपार फोडा. मुळं जपून. नव्या झाडाचा खड्डाही याच पद्धतीने तपासायचा असतो: खड्डा पाण्याने भरा, चार तासांत पातळी चार इंच तरी उतरली तर निचरा ठीक.

टायमरवर सगळं एका व्हॉल्व्हवर आहे हा मोठा दोष. झाडाला तीन फूट खोल पाणी हवं, लँटानासारख्या झुडपाला दीड-दोन फूट पुरतं. दोघांना एकाच वेळेत नीट पाणी देता येत नाही. प्लंबरकडून झाडासाठी वेगळा व्हॉल्व्ह काढून घ्या. टायमरच्या ए आणि बी प्रोग्रॅमवर दोघांचे दिवस वेगळे लावता येतात. तोवर लिंबोणीला होजने बारीक धार सोडून पाणी द्या. होज उन्हात पडलेला असेल तर सुरुवातीचं पाणी भाजण्याइतकं गरम असतं, ते आधी कुठेतरी सोडून द्या आणि मुलांना त्या धारेपासून लांब ठेवा. आधीच्या मालकाने वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवला असेल तर बाहेरचा नळ त्याच्या आधी निघालाय ना, तेही बघून घ्या. सॉफ्टनरच्या पाण्यातलं सोडियम झाडांना मारतं.

आता पिवळेपणा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होतात. इथल्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही, आणि मुळाशी सतत ओल असली की आणखीच अडतं. बाबांचा सल्ला वरुडला चालेल, पण इथल्या मातीत हिराकस टाकला तर त्यातलं लोहही थोड्या दिवसांत अडकून बसेल. शिवाय भिंतीवर नि फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह घ्या, पण डब्याच्या मागे ईडीडीएचए ही अक्षरं शोधून घ्या. ईडीटीए प्रकार स्वस्त मिळतो, तो इतक्या चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. पाणी सुधारल्यावर पहिल्या खोल पाण्याबरोबर द्या. आधीच पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. तुम्ही पुढची पालवी कशी येते ते बघा. नत्राचं खत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहू दे. त्यानंतर मेअखेर आणि ऑगस्टअखेर, एवढे तीन हप्ते पुरे.

फोटोत खालच्या फांद्या छाटून खोड उघडं केलेलं दिसलं. कोणी केलं असेल ते आता पुन्हा करू देऊ नका. लिंबोणीच्या साली पातळ असतात, पश्चिमेचं ऊन लागून त्या तडकतात. उघड्या भागाला घरातल्या भिंतीचा पांढरा पाण्याचा रंग निम्मं पाणी घालून लावा आणि खालच्या फांद्या पुन्हा वाढू द्या.

पाण्याच्या वेळा दुप्पट केल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. २०२३ साली फिनिक्सला ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला होता. त्या उन्हाळ्यात शंभर-शंभर वर्षांचे सग्वारो निवडुंगसुद्धा कोसळले. २०२४ साली तर सलग ११३ दिवस शंभरीच्या खाली दिवस गेला नाही. असा उन्हाळा बघितला की पाणी वाढवावंसं वाटणारच. मलूल झालेलं झाड संध्याकाळी पुन्हा ताठ झालं तर समजा त्याला पाणी आहे, तो फक्त उन्हाचा ताप होता. सकाळीही मलूल दिसलं तर पाणी द्या.

भिंतीवर मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण इथे चूक झाली तर ती झाडापेक्षा महाग पडते.

तुमची भिंत आपल्याकडच्यासारखी विटांची नाही. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर कागद आणि जाळी, आणि बाहेरून इंचभराच्या आतबाहेरचा गिलावा, ज्याला इथे स्टको म्हणतात. पावसाचं किंवा ठिबकचं थोडं पाणी त्या गिलाव्याच्या मागे जातंच. ते बाहेर पडावं म्हणून गिलाव्याच्या तळाला छिद्रांची पत्र्याची पट्टी असते. गुडघ्यावर बसून लँटाना बाजूला करा आणि ती पट्टी शोधा. नियमाप्रमाणे ती मातीपासून निदान चार इंच वर दिसायला हवी, काँक्रीटपासून दोन इंच. तुमच्या फोटोत ती दिसतच नाही. वीस वर्षांत खडी घालत घालत जमीन वर आली आणि पट्टी गाडली गेली. त्यामुळे आतलं पाणी बाहेर पडत नाही. उलट मातीतली ओल गिलाव्यात चढते, बाहेर येऊन वाळते आणि जाताना क्षार सोडून जाते. तीच ती पांढरी भुकटी. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तोच हा. लँटानाचे ड्रिपर भिंतीपासून वीतभर अंतरावर आहेत आणि दिवसातून दोनदा भिंतीचं मूळ भिजवतात.

हे असंच राहिलं तर पाठोपाठ वाळवी येते. अॅरिझोनातली वाळवी जमिनीतून चढते. गाडलेल्या गिलाव्यामागून ती सरळ लाकडापर्यंत पोचते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्या भिंतीच्या आतल्या खोलीत जा. जमिनीलगतच्या लाकडी पट्टीवर टोचून बघा, पोकळ लागते का. मातीच्या बारीक नळ्या कोपऱ्यात, कपाटामागे दिसतात का बघा. इथली वाळवी कधीकधी छतातून किंवा भिंतीतून काडीसारखी मातीची नळी खाली सोडते, तशी दिसली तर मोडून टाकू नका. तपासणीला येणाऱ्याला ती बघू दे. लाकूड मऊ लागलं किंवा नळ्या दिसल्या, तर आधी वाळवीवाल्याला बोलवा.

तिथेच एसीची एक पांढरी नळीही बाहेर आलेली दिसते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत त्यातून दिवसाला कित्येक गॅलन पाणी गळतं, आणि तुमच्याकडे ते भिंतीच्या पायाशीच पडतंय. कोपराचा जोड लावून ते चार-पाच फूट लांब न्या. एखाद्या खिडकीच्या वर दुसरी नळी असेल आणि तिच्यातून थेंब पडत असतील, तर मुख्य नळी तुंबली आहे. ते मुद्दाम नजरेस पडावं म्हणूनच तिथे काढलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर पाणी छतातून घरात येतं.

कामाचा क्रम असा ठेवा. लँटानाची ती ओळ काढून टाका. मन होणार नाही, मला कल्पना आहे, पण भिंतीपासून तीन फुटांच्या आत ठिबक नकोच. हवी तर चार फुटांवर नवी लावा. मग भिंतीलगतची खडी आणि माती ओढून पट्टी मोकळी करा आणि पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार घराबाहेर मिळेल अशी जमीन करा. कोरड्या ब्रशने भुकटी झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. सुटलेले पोपडे काढा आणि भिंत तशीच उघडी सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथली हवा कोरडी असते, सहा-आठ आठवड्यांत भिंत वाळेल. भुकटी पुन्हा आली नाही तरच डागडुजी करून रंग द्या, आणि तोही वाफ बाहेर जाऊ देणारा. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग देणं म्हणजे ओल्या जखमेवर प्लास्टिक गुंडाळणं. तो माणूस फसवत असेल असं मी म्हणत नाही, पण त्याने खाली वाकून पट्टी कुठे आहे हे विचारलं नाही, एवढं मला पुरे आहे.

गिलाव्याला केसासारख्या भेगा असतील तर काळजी नको, बहुतेक घरांना असतात. पाव इंचापेक्षा रुंद भेग, जिन्यासारखी चढत गेलेली भेग, किंवा दारं अचानक अडकायला लागली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आणि गॅरेजच्या जमिनीवर काँक्रीटमध्ये उमटवलेली एखादी सूचना आहे का, आजच बघून या. फिनिक्सच्या परिसरातल्या पुष्कळ नव्या घरांचा पाया ताणलेल्या पोलादी केबलवर असतो आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. ते असेल तर त्या जमिनीत छिद्र पाडायचं नाही, कापायचं नाही. केबल तुटली तर माणूस जखमी होऊ शकतो.

काम देताना अॅरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या यादीत त्या माणसाचा परवाना शोधा. एक हजार डॉलरच्या आतलं आणि परमिट न लागणारं किरकोळ काम विनापरवाना माणूस करू शकतो, चार हजारांचं करू शकत नाही. परवाना असलेल्याने काम बिघडवलं तर तक्रारीला जागा आहे, शिवाय घरमालकांसाठी भरपाईचा निधीही आहे. विनापरवाना माणसाकडून करून घेतलंत तर तो निधी मिळत नाही.

खणायला सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी माझ्यासाठी करा. ८११ ला फोन करा, निदान दोन पूर्ण कामाचे दिवस आधी. गॅस, वीज, पाणी यांच्या वाहिन्या फुकटात आखून देतात. तुमच्या ठिबकच्या नळ्या मात्र ते आखत नाहीत. आणि माती खणताना आधी ती ओली करा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. इथल्या धुळीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीवर होतो. बहुतेकांना तो जाणवतच नाही किंवा साध्या खोकल्यासारखा वाटतो, काहींना फुप्फुसाचा मोठा आजार होतो. आईबाबा गावाहून आले असतील आणि मदतीला उभे राहिले, तर त्यांनाही मास्क द्या. खोकला आणि थकवा आठवडाभर सरला नाही तर डॉक्टरांना सांगा की आम्ही माती खणली होती. हे सांगितलं नाही तर तपासणी राहून जाते.

आता आंबा. तुमच्या यजमानांचा उत्साह मला आवडला, पण भिंतीशी नको. पश्चिमेची ही भिंत दुपारभर तापते आणि तो ताप रात्रीपर्यंत सोडत राहते. कोवळं झाड त्यात टिकत नाही, आणि टिकलंच तर त्याची मुळं आणि पाणी पुन्हा भिंतीशीच. घरापासून पंधरा-वीस फूट, पूर्वेला जागा असेल तर उत्तम. आंबा थंडीतही बिघडतो. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो आणि तेव्हा लहान झाडाला चादर घालावी लागते. प्लास्टिक नाही, पानाला टेकलं तर पान जळतं. हे सगळं करायची तयारी असेल तर मार्चअखेर लावा, आता नको. तयारी नसेल तर त्याच जागी डाळिंब लावा. ते इथे मनापासून वाढतं आणि हिवाळ्यात पानं गाळून ऊन घरात येऊ देतं. शेवगाही चालतो; थंडीने वरून मेला तरी उन्हाळ्यात पुन्हा फुटतो. खड्डा खोल नको, रुंद हवा, आणि काढलेली मातीच परत भरा.

कढीपत्ता कुंडीत लावा, पूर्वेच्या ओसरीवर, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि थंडीत आत घेता येईल. रोप इथल्याच नर्सरीतून घ्या. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीने दिलं म्हणून गाडीतून आणू नका, भारतातून तर नाहीच. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा जो रोग आहे, त्याचा कीटक कढीपत्त्यावर राहतो. म्हणून अशा रोपांच्या ने-आणीवर बंदी आहे. तुमची लिंबोणी त्या कुंडीपासून काही पावलांवर आहे, आणि शेजारच्या अंगणांतही झाडं आहेत.

मेथी, कोथिंबीर, पालक आणि मुळा यांना मात्र मार्चची वाट बघायला नको. त्यांचा हंगाम आत्ताच सुरू झाला आहे. भिंतीचं काम चाललेलं असताना एक वाफा दुसऱ्या बाजूला टाकून द्या. पट्टी मोकळी केल्यावर तिचा फोटो जवळून काढून पाठवा, आणि घरात लाकूड कुठे मऊ लागलं का, तेही कळवा.